प्रसूती रजेवर असताना नवऱ्याला कॅनडात स्पॉन्सर करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी सहा आठवड्यांची असताना मी मिसिसागात बसून नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपचा, म्हणजे त्याला कायमचं कॅनडात आणायचा, अर्ज भरला. तो तेव्हा पुण्यात होता. फॉर्म भरायला पैसे देऊन एकांची मदत घेतली होती आणि त्यांनी माझ्या नोकरीच्या रकान्यात सरळ ‘अनएम्प्लॉइड’ लिहून ठेवलं होतं. सही करण्याआधी रात्री दोन वाजता, मुलीला मांडीवर घेऊन पुन्हा एकदा सगळं वाचलं, म्हणून ते सापडलं. तेव्हापासून ओळखीच्या मुली, त्यांच्या बहिणी, मैत्रिणी हेच विचारत असतात. त्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी वकील नाही. तुमची केस गुंतागुंतीची असेल, आधी कधी नकार आला असेल, तर परवानाधारक सल्लागार किंवा वकील गाठा. भत्त्यांचे आकडे २०२५ सालचे आहेत, ते दर जानेवारीत बदलतात.

१. मी मॅटर्निटी लीव्हवर आहे. फॉर्ममध्ये नोकरीत आहे असं लिहू की नाही असं?

नोकरीत आहात असंच लिहा. रजेवर गेल्यानं नोकरी जात नाही. ऑन्टारिओ प्रांताचंच उदाहरण घ्या. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या किमान १३ आठवडे आधी तुम्ही कामाला लागलेल्या असाल, तर १७ आठवड्यांची प्रेग्नन्सी लीव्ह आणि तिला जोडून ६१ आठवड्यांपर्यंतची पॅरेंटल लीव्ह हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. रजा संपल्यावर तुमची जागा, ती उरली नसेल तर तशीच दुसरी जागा, कंपनीनं द्यायची असते. मालक आणि कामगार हे नातं या सगळ्या काळात चालूच असतं.

म्हणून कंपनीचं नाव, हुद्दा आणि रुजू झाल्याची तारीख लिहा. ‘पर्यंत’च्या रकान्यात चालू तारीख टाका. जागा असेल तिथे ‘एम्प्लॉइड, ऑन मॅटर्निटी लीव्ह’ असं लिहून रजेची पहिली तारीख आणि परतायची तारीख द्या. जागा नसेल तर ही माहिती पत्रात जाते (प्रश्न ७ पाहा).

२. पण पगार तर बंद आहे. मग ‘नोकरीत’ म्हणणं खोटं नाही का ठरणार?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो आणि तो विचारणाऱ्या मुली फार प्रामाणिक असतात. नोकरीत असणं आणि या महिन्यात पगार जमा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोटं कधी ठरेल? रजा लपवून पूर्ण पगार चालू असल्याचं दाखवलंत तर. ‘नोकरीत आहे, या तारखेपासून रजेवर आहे, सध्या ईआयचे पैसे मिळतात, या तारखेला परत जाणार’ हे शब्दशः खरं आहे, आणि अधिकाऱ्याला हवं असतं तेही एवढंच. (ईआय म्हणजे एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, सरकारी रोजगार विमा.)

३. कंपनीनं मला रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट दिलं. म्हणजे त्यांनी मला काढलं का?

नाही. पगारात खंड पडला की हा कागद, म्हणजे आरओई, काढावाच लागतो, नाहीतर ईआयचा दावा पुढे सरकत नाही. त्यावरचा कारणाचा कोड बघा. ‘एफ’ म्हणजे मॅटर्निटी, ‘पी’ म्हणजे पॅरेंटल. ‘ए’ असेल तर काम कमी झालं किंवा करार संपला, ‘ई’ असेल तर तुम्ही नोकरी सोडली, ‘एम’ असेल तर काढून टाकलं. रजेवर गेलेल्या बाईच्या आरओईवर चुकून ‘ई’ पडलं असेल तर एचआरकडून लगेच दुरुस्त करून घ्या. त्या एका अक्षरामुळे ईआयही अडतं आणि तुमचा फॉर्म एक सांगतो, आरओई दुसरंच सांगतो.

४. नवऱ्याला स्पॉन्सर करायला किमान किती उत्पन्न लागतं?

नवरा, बायको किंवा कॉमन-लॉ (लग्न न करता एकत्र राहणारा) जोडीदार यांच्यासाठी उत्पन्नाची किमान अट नाही. अपवाद दुर्मीळ आहे : सोबत येणाऱ्या तुमच्या किंवा जोडीदाराच्या अवलंबून मुलाला स्वतःचं मूल असेल तर अट लागू होते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत तो प्रसंग येत नाही.

म्हणजे पैशांचा विचारच होत नाही असं समजू नका. इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे, येणारा माणूस स्वतःचं पोट भरू शकणार नाही आणि त्याची दुसरी सोयही नाही असं दिसलं तर त्याला नाकारता येतं. शिवाय तो पीआर (पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे कायमचा रहिवासी) झाल्या दिवसापासून तीन वर्षं त्याच्या मूलभूत गरजांची जबाबदारी घेत असल्याची सही तुम्ही करता. त्या काळात त्यानं सोशल असिस्टन्स घेतला तर ते पैसे सरकार तुमच्याकडून वसूल करू शकतं. म्हणून परत जायची नोकरी आहे हे दाखवणाऱ्या कागदाचं मोल खूप आहे. तो कागद हाताशी असताना स्वतःला बेरोजगार लिहून घेऊ नका.

५. ईआयचे मॅटर्निटीचे पैसे सोशल असिस्टन्समध्ये धरतात का? मी अपात्र ठरेन का?

नाही, आणि नाही. ईआय हा विमा आहे. तुमच्या प्रत्येक पगारातून त्याचा हप्ता कापला गेलेला असतो, पे-स्लिप काढून बघा. सोशल असिस्टन्स म्हणजे प्रांतानं गरजूंना दिलेली मदत, उदाहरणार्थ ऑन्टारिओ वर्क्स. अपंगत्वाव्यतिरिक्त दुसऱ्या कारणानं अशी मदत घेत असलात तर स्पॉन्सर होता येत नाही, आणि ही अट अर्ज केल्याच्या दिवसापासून निर्णय होईपर्यंत लागू असते. कॅनडा चाइल्ड बेनिफिट या बंदीत मोडत नाही, ते निर्धास्तपणे घ्या.

इथे एका गोष्टीवर जोर देते. ईआयला पात्र होण्याइतके तास भरले नाहीत म्हणून कुणी ऑन्टारिओ वर्क्स घेतलं असेल, तर अर्ज करायच्या आधी ते थांबवावं लागेल. भूक लागलेली असताना मदत नाकारा असं मी कुणाही बाळंतिणीला सांगणार नाही. घ्या. अर्ज तेवढे महिने पुढे ढकला, आणि मदत कधी सुरू झाली, कधी बंद झाली याची पत्रं जपून ठेवा.

६. उत्पन्न विचारलं असेल तिथे कोणता आकडा टाकू : जुना पगार की ईआय?

प्रश्न नीट वाचा. वार्षिक पगार विचारला असेल तर नोकरीचा मूळ पगार लिहा आणि सध्या रजेवर असल्याची नोंद करा. सध्या मिळणारं उत्पन्न विचारलं असेल तर ईआयची खरी रक्कम द्या. कंपनी टॉप-अप (ईआयवर स्वतःची भर) देत असेल तर तो वेगळा दाखवा.

अंदाज यावा म्हणून हिशेब करून दाखवते. वर्षाला ६०,००० डॉलर पगार म्हणजे आठवड्याला साधारण १,१५४. मॅटर्निटीचे १५ आठवडे ५५ टक्क्यांनी मिळतात, म्हणजे सुमारे ६३५ डॉलर, आणि त्यावर कर कापला जातो. २०२५ मध्ये याची कमाल मर्यादा आठवड्याला ६९५ डॉलर होती. पुढचे पॅरेंटलचे पैसे दोन प्रकारांनी घेता येतात. स्टँडर्डमध्ये एका पालकाला ३५ आठवड्यांपर्यंत त्याच ५५ टक्क्यांनी. एक्स्टेंडेडमध्ये ६१ आठवड्यांपर्यंत, पण ३३ टक्क्यांनी, म्हणजे याच पगारावर साधारण ३८१. पैसे मिळायला लागले की ही निवड बदलता येत नाही, म्हणून पत्रात लिहिताना आपण कोणता प्रकार घेतलाय ते माय सर्व्हिस कॅनडा अकाउंटमध्ये (ईआयचा दावा दिसतो त्या ऑनलाइन खात्यात) बघूनच लिहा. तिथलं दाव्याचं पान छापून जोडलं की आकड्यावर वाद उरत नाही.

७. कंपनीच्या पत्रात काय काय असायला हवं?

सगळ्या अर्जात तुमच्या दृष्टीनं हा सर्वांत महत्त्वाचा कागद, म्हणून त्यासाठी एचआरच्या मागे लागा. कंपनीच्या लेटरहेडवर तुमचं नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, नोकरी कायम आहे की कराराची, रजेआधीचा पगार आणि आठवड्याचे तास, रजा सुरू झाल्याची तारीख, परतायची अपेक्षित तारीख, आणि पत्रावर सही करणाऱ्याचं नाव व फोन. ‘ही कर्मचारी सध्या मान्य रजेवर असून तिची नोकरी चालू आहे’ या अर्थाचं एक वाक्य त्यात हवंच. एचआरचे तयार नमुने बहुतेकदा फक्त ‘या तारखेपासून काम करते’ एवढंच सांगतात. रजेचा उल्लेख नसलेलं पत्र आणि ईआय दाखवणारं बँक स्टेटमेंट एकत्र गेलं की वाचणाऱ्याला काहीतरी लपवल्यासारखं वाटतं.

सोबत कर खात्याची ताजी नोटीस ऑफ असेसमेंट (वर्षाचं उत्पन्न आणि कर दाखवणारा कागद) किंवा ऑप्शन सी प्रिंटआउट (त्याच माहितीचा उतारा), रजेआधीच्या शेवटच्या दोन-तीन पे-स्लिप आणि आरओई जोडा.

८. एचआर पत्र द्यायला टाळाटाळ करतंय. आता?

लेखी विनंती करा आणि ती ईमेल जपा. तरीही नाही मिळालं तर नेमणुकीचं पत्र, रजा मंजूर केल्याची ईमेल, आरओई आणि पे-स्लिप जोडून स्वतःच्या सहीचं एक पानी स्पष्टीकरण द्या. काय मागितलं, कधी मागितलं, काय उत्तर आलं, एवढंच त्यात लिहा. कंपनीविरुद्धची तक्रार तिथे नको. मला स्वतःला पत्र मिळायला पाच आठवडे लागले होते, तेही मॅनेजरला दोनदा फोन केल्यावर.

९. मागच्या वर्षी अर्धं वर्ष रजेवर होते, त्यामुळे नोटीस ऑफ असेसमेंटवर उत्पन्न अगदीच कमी दिसतंय.

दिसू द्या. नवऱ्यासाठी किमान आकड्याची अट नाही (प्रश्न ४). त्या वर्षीची पगाराची टी४ आणि ईआयची टी४ई स्लिप दोन्ही जोडल्या की घट का झाली ते आपोआप कळतं. आदल्या पूर्ण वर्षाची नोटीसही जोडा, म्हणजे रजा नसताना तुम्ही किती कमावता ते दिसेल.

१०. ईआयचे पैसे संपले, पण रजा अजून बाकी आहे. आता मी काय?

अजूनही नोकरीतच, बिनपगारी रजेवर. स्टँडर्ड प्रकारात एक आठवडा प्रतीक्षेचा, १५ आणि ३५ धरून ५१ आठवड्यांत पैसे संपतात. ऑन्टारिओची रजा मात्र १७ अधिक ६१, म्हणजे ७८ आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. मधल्या सहा महिन्यांत घर कसं चालतंय ते खरं सांगा : साठवलेले पैसे, आईवडिलांची मदत, नवऱ्याचा भारतातला पगार. नवऱ्याचे पैसे येत असतील तर त्याच्या बँकेच्या नोंदी जोडा. तुमचं नातं खरं आहे याचाही तो पुरावा होतो.

११. रजेवर असतानाच करार संपला, किंवा कंपनीनं माझी जागाच काढून टाकली.

त्या तारखेपासून तुम्ही नोकरीत नाही, आणि तसंच लिहायचं. प्रश्न १ चं उत्तर तुम्हाला फक्त त्या तारखेपर्यंत लागू आहे. अर्ज आधीच गेला असेल तर आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) वेबफॉर्मवरून बदल कळवा. नोकरी गेल्यानं नवऱ्याचा अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. पुढे घर कसं चालवणार हे दोन परिच्छेदांत लिहा : नवऱ्याचं शिक्षण, त्याचा अनुभव, तो आल्यावर काय काम करेल, तुम्ही कुठे अर्ज करताय. पद सोडायचा नुसता विचार मनात असेल तर तो कळवायची गरज नाही. राजीनामा दिलात की मात्र कळवा.

१२. माझा स्वतःचा व्यवसाय आहे, टिफिनचा. मला कोण रजा देणार?

तुम्ही सेल्फ-एम्प्लॉइड आहात आणि तसंच लिहा. बाळंतपणामुळे या तारखेपासून काम थांबवलं किंवा कमी केलं आणि या तारखेला पुन्हा सुरू करणार, हे पत्रात सांगा. कंपनीच्या पत्राऐवजी व्यवसायाची नोंदणी, कराचे कागद आणि बँकेच्या नोंदी जोडा. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांना ईआय मिळतं, पण त्यात स्वतःहून नाव नोंदवून १२ महिने झालेले असावे लागतात. गरोदर राहिल्यावर नोंदणी केली तर त्या बाळंतपणाला ती सहसा उपयोगी पडत नाही.

१३. बाळंतपणाला माहेरी जायचं आहे. अर्जावर परिणाम होईल का?

तुम्ही नागरिक आहात की पीआर, यावर सगळं अवलंबून आहे.

पीआर असाल तर जपून. पीआर व्यक्तीला कॅनडात राहत असतानाच स्पॉन्सर करता येतं. दोन-तीन आठवडे आईला भेटून येणं वेगळं, आणि सातव्या महिन्यात साताऱ्याला जाऊन बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर परतणं वेगळं. इथलं घर सोडून, सामान मैत्रिणीच्या तळघरात ठेवून गेलात तर तुम्ही कॅनडात राहता हे पटवणं अवघड होतं. आईच्या हातचे डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी प्रत्येकीला हवी असते, मलाही हवी होती. मी आईलाच व्हिजिटर व्हिसावर बोलावलं. ते जमत असेल तर तेच करा. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहण्याची पीआरची अट आहेच, ती याहून वेगळी.

नागरिक असाल तर परदेशातूनही स्पॉन्सर करता येतं, मात्र नवरा पीआर झाल्यावर तुम्ही कॅनडात राहणार हे दाखवावं लागतं. परतायची तारीख असलेलं कंपनीचं पत्र (प्रश्न ७) इथे फार उपयोगी पडतं.

मॅटर्निटी आणि पॅरेंटलचे ईआय भारतात असतानाही मिळू शकतात, पण देशाबाहेर असल्याचं सर्व्हिस कॅनडाला कळवायचं.

१४. अर्ज दिल्यावर बाळ झालं. त्याचं नाव कुठे घालायचं?

हे विसरू नका, बाकी काहीही विसरलात तरी चालेल. नवऱ्यानं आपलं प्रत्येक मूल अर्जात जाहीर करायचं असतं, सोबत येणार असो वा नसो. जाहीर न केलेल्या आणि तपासणी न झालेल्या मुलाला पुढे फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीयांसाठीच्या गटातून, आणायचा मार्ग साधारणपणे बंद होतो. बाळ कॅनडात जन्मलं तर ते नागरिक आहे. त्याला मेडिकल लागत नाही, पण कुटुंबाच्या यादीत त्याचं नाव हवंच. आई पीआर असून बाळ भारतात जन्मलं तर त्याला पीआर मिळत नाही, त्याला नवऱ्याच्या अर्जात जोडावं लागतं. आई कॅनडात जन्मलेली असेल किंवा तिनं कॅनडात नागरिकत्व घेतलेलं असेल आणि बाळ भारतात झालं, तर ते जन्मानंच नागरिक असतं. त्याच्यासाठी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र काढा.

१५. आमचं उलटं आहे. नवरा कॅनडात स्पॉन्सर आहे आणि मी नागपुरात प्रसूती रजेवर आहे.

तुमच्या फॉर्मवर नियम तोच : नोकरी चालू, रजेवर. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, त्यामुळे तुमच्या पे-स्लिपही चालू असतील. शेड्यूल ए फॉर्ममधल्या वैयक्तिक इतिहासात एकही महिना रिकामा सोडायचा नसतो. रजा संपल्यावर नोकरी सोडून घरी राहिलात तर तो काळ ‘गृहिणी’ म्हणून स्वतंत्र ओळीत दाखवा. गरोदरपणात मेडिकल आलं तर छातीचा एक्स-रे प्रसूतीनंतरपर्यंत पुढे ढकलता येतो, पॅनेल डॉक्टरांना (आयआरसीसीनं मान्यता दिलेल्या डॉक्टरांना) तसं सांगा. बाळाबद्दल प्रश्न १४ वाचाच.

१६. पासपोर्टवर माहेरचं नाव, कंपनीच्या पत्रात सासरचं आडनाव. चालेल का?

आपल्याकडे हे घरोघरी आहे. मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, पॅन कार्डावर एक आणि पदवीवर दुसरंच. फॉर्ममध्ये ‘याआधी वापरलेली नावं’ असा प्रश्न असतो, तिथे सगळी रूपं लिहा. विवाह प्रमाणपत्र जोडा. कंपनीला शक्य तेवढं पासपोर्टवरच्या नावानंच पत्र द्यायला सांगा. मराठीतला कागद असेल तर त्याचं अधिकृत भाषांतर लागतं.

१७. अर्जात ‘अनएम्प्लॉइड’ लिहून तो पाठवूनही टाकला. आता काय?

घाबरू नका, पण बसूनही राहू नका. वेबफॉर्मवरून दुरुस्ती पाठवा : कोणत्या फॉर्ममध्ये काय चुकलं, खरं काय आहे, सोबत कंपनीचं पत्र. कायद्याच्या कलम ४० खाली चुकीची माहिती देण्याचा परिणाम पाच वर्षांच्या बंदीपर्यंत जाऊ शकतो. पण स्वतःहून वेळेत सुधारलेली चूक आणि लपवाछपवी यांत मोठा फरक आहे. फॉर्म दुसऱ्यानं भरला होता, हे कारण पुरत नाही, कारण खाली सही तुमची असते.

१८. माझा भाऊ टोरंटोत चांगला कमावतो. तो सोबत सही करू शकतो का?

नाही. को-साइनर फक्त स्पॉन्सरचा जोडीदारच होऊ शकतो, आणि इथे जोडीदारालाच आणायचं आहे. भाऊ मदत करणार असेल तर त्याचं साधं पत्र जोडता येतं. त्यानं त्याच्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही.

१९. पुढे सासू-सासऱ्यांना आणायचं ठरलं तर ही रजा आड येईल का?

तिथे किमान उत्पन्नाची अट आहे आणि मागची तीन करवर्षं बघतात, त्यामुळे रजेच्या वर्षाचा फरक पडू शकतो. दिलासा असा की मॅटर्निटी, पॅरेंटल आणि आजारपणाचे ईआय त्या उत्पन्नात धरले जातात. नोकरी गेल्यावर मिळणारं नेहमीचं ईआय आणि चाइल्ड बेनिफिट मात्र धरत नाहीत.

२०. आम्ही मॉन्ट्रियलला राहतो. हे सगळं आम्हालाही लागू आहे का?

नोकरीबद्दलची उत्तरं हो. मात्र क्यूबेकमध्ये प्रसूतीचे पैसे ईआयऐवजी क्यूबेकच्या स्वतःच्या पालक-विमा योजनेतून मिळतात. त्यात बेसिक प्रकारात मॅटर्निटीचे १८ आठवडे ७० टक्क्यांनी आणि स्पेशल प्रकारात १५ आठवडे ७५ टक्क्यांनी असतात. म्हणून प्रश्न ६ मधला हिशेब तुम्हाला लागू नाही. नवऱ्याच्या गरजांची जबाबदारी घेणारं हमीपत्रही (प्रश्न ४) प्रांताच्या इमिग्रेशन मंत्रालयाकडे वेगळं द्यावं लागतं, आणि किती अर्ज घ्यायचे याची मर्यादा ते ठरवतात. पैसे भरण्याआधी सध्या अर्ज घेणं चालू आहे का ते तपासा.